'वचा' : शब्द एक, द्रव्ये अनेक

सोलापुरातील काष्ठौषधींच्या दुकानात कानडी ग्राहक 'बजे' मागतो, तेलुगुभाषक 'वस', उर्दू बोलणारा 'बच' आणि मराठी माणूस 'वेखंड'. द्रव्य एकच, ॲकोरस कॅलॅमस. यांपैकी पहिली तीन नावे संस्कृत 'वचा' या शब्दाशी संबंधित आहेत. तमिळ 'वसंबु' व अरबी 'वज्ज' हीदेखील त्याच कुळातील होत.

'वचा' या शब्दाची व्युत्पत्ती 'वच्' म्हणजे बोलणे या धातूपासून सांगितली जाते. वाणीस हितकर ती वचा. 'वाक्', 'वचन' हे शब्द याच धातूचे असून आवाज या अर्थाचा लॅटिन 'वॉक्स' हा शब्दही त्याच मूळ कुळातील आहे. बाळगुटीत वेखंड उगाळण्यामागे हीच धारणा आहे.

मात्र नाव 'वचा' असले तरी द्रव्य वेखंडच असेल असे नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात पारसीक वचा, महाभरी वचा व द्वीपांतर वचा यांचेही वर्णन आहे. महाभरी वचा म्हणजे कुलिंजन, तर द्वीपांतर वचा म्हणजे फिरंगरोगात सांगितलेली चोपचीनी. चोपचीनी ग्रॅमच्या मात्रेत देतात. वेखंडचूर्णाची मात्रा मात्र ६० ते १२० मिलिग्रॅम असून १ ते २ ग्रॅम ही वमनाची मात्रा आहे. अदलाबदल झाल्यास रुग्णास वांती होण्याचा संभव स्पष्ट आहे.

म्हणून वैद्यांनी चिठ्ठीत नुसते 'वचा' न लिहिता विशेषणासह पूर्ण नाव लिहावे. औषधविक्रेत्यांनीही बरणीवर प्रचलित नावासोबत वनस्पतिशास्त्रीय नाव लिहावे व शंका आल्यास वैद्यांस विचारूनच द्रव्य द्यावे.