गिरणी कोठें आणि मजूर कोठला?

एखाद्या प्रांतांत कारखाने वाढले, म्हणजे त्याच्या सर्व भागांस काम मिळालें, असा आपल्यांतील पुष्कळांचा समज असतो. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहतां तो खरा ठरत नाहीं.

मुंबईंत पहिली गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. पुढें या गिरण्यांना कापूस वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथून येई. आणि यंत्रांवर राबणारे हात रत्नागिरी जिल्ह्यांतून व घाटावरून. कापसाच्या मुलखास उरलें तें मुख्यतः सरकी काढण्याचें व गांसड्या बांधण्याचें हंगामी काम. नागपूरची १८७७ सालची एम्प्रेस मिल हा मोठा अपवाद. कोंकणाच्या वांट्यास मनिऑर्डरी आल्या. बंदर, आगगाडी, पेढ्या आणि कसबी कामगार जेथें आधींच होते, तेथेंच नवें भांडवल गेलें.

जानेवारी १९८२ मध्यें सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगारांनीं संप पुकारला. पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व कित्येक कुटुंबें गांवीं परतलीं. परंतु त्यांना सामावून घेईल असा धंदा बहुतेक गांवीं नव्हता.

औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. १९६४ पासून मागास भागांतील कारखान्यांस सवलतीहि मिळूं लागल्या. तरी कारखान्यांची दाटी ठाण्या-पुण्याच्या आसपासच अधिक झाली. केवळ जमीन व करमाफी देऊन भागत नाहीं. वीज, वाहतूक व धंदेशिक्षण यांची सोय आधीं हवी, असें आम्हांस वाटतें. प्रांतांत कारखाने किती, हें विचारतांना आपल्या जिल्ह्यांतील मुलास काम कोठें मिळालें, हेंहि वाचकांनीं विचारावें.