आधी आठवडा मोजा, मग पुस्तक उघडा

आईचा अभ्यास : लेखांक ४

विषय कसा निवडायचा, ते मागच्या लेखात पाहिले. आज त्या विषयाचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आखू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. घरात लहान मुले असलेल्या बाईने आधी आपला वेळ मोजावा आणि पुस्तक त्यानंतर उघडावे. क्रम उलटा झाला की अनुक्रमणिका आपल्यावर हुकूम गाजवू लागते. दोन आठवड्यांत चार प्रकरणे मागे पडतात आणि आपण म्हणतो, ‘आता माझ्याच्याने अभ्यास होत नाही.’ बुद्धी शाबूत असते, आखणी फसलेली असते.

वेळेचा हिशेब

बारा आठवडे सुरू होण्याआधीचा एक आठवडा अभ्यास करूच नका, फक्त नोंद ठेवा. डबे देऊन शाळेची व्हॅन गेली की पुढच्या कामापर्यंत किती वेळ मिळतो? मुले क्लासला गेल्यावर किती? रात्री मागचे आवरून झाल्यावर डोके जागे असते का? हे कागदावर लिहा, कारण मनातल्या मनात हिशेब केला की वेळ नेहमी जास्तच धरला जातो.

या नोंदीतून दोन प्रकारचा वेळ हाती लागेल. पहिला बसून करायच्या अभ्यासाचा : नवे वाचणे, आकृती काढणे, लिहिणे. त्यासाठी सलग ४० मिनिटे हवीत. दुसरा, हात कामात आणि डोके मोकळे असते तेव्हाचा : भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, बसथांब्यावर. या वेळात नवे वाचता येत नाही, पण वाचलेले आठवता येते.

बसून करायच्या बैठका आठवड्याला ३ धरा. बारांपैकी २ आठवडे आधीच मोकळे सोडा. मुलाला ताप येणार, चाचणी परीक्षा येणार, पाहुणेही येणार. त्यांची जागा तक्त्यात असली की तक्ता मोडत नाही. उरले १० आठवडे, म्हणजे ३० बैठका, म्हणजेच २० तास. बैठकीला १० पाने धरली, तर २०० पानांचे एक पुस्तक २० बैठकांत नीट वाचून होते आणि लिहायला, नकाशे पाहायला १० बैठका उरतात. तेव्हा बारा आठवड्यांना मुख्य पुस्तक एकच. दुसरे घ्यायचा मोह आवरा.

एक आखणी

समजा, विषय आहे सह्याद्रीचा खडक. ‘भूविज्ञान’ म्हटले तर त्याला अंत नाही. म्हणून एक प्रश्न धरू : घाटातून जाताना डोंगरांच्या अंगावर आडव्या पायऱ्या का दिसतात? शाळा सुरू होतात त्या जूनमध्ये आरंभ केला, तर गौरी-गणपतीच्या सुमारास उत्तर हाती येईल.

पहिले दोन आठवडे पायाभरणीचे. बालभारतीची आठवी-नववीची भूगोलाची पुस्तके घ्या. पृथ्वीचे अंतरंग, अंतर्गत हालचाली, बाह्यप्रक्रिया हे सारे त्यांत सोप्या मराठीत आहे. मुलांची पुस्तके वाचण्यात कमीपणा मानू नका.

तिसरा-चौथा आठवडा दख्खनच्या पठाराचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, दूरवर पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. थिजलेल्या लाव्हाचा हा खडक म्हणजे बेसॉल्ट. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदी इथे उपयोगी पडतात आणि त्या इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

पाचवा आठवडा मोकळा.

सहाव्या-सातव्यात मूळ प्रश्न. काही थर घट्ट आणि एकसंध असतात, तर काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. सच्छिद्र थर ऊनपावसाने लवकर झिजतो आणि तिथे उतार तयार होतो; घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. थरावर थर असल्याने कडा, उतार, पुन्हा कडा अशी रचना दिसते. याची आकृती पुस्तक मिटून स्वतःच्या हाताने काढा.

आठवा-नववा आठवडा या खडकाशी माणसाने जोडलेल्या नात्याचा. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच कातळातून वरून खाली कोरले. विहिरीला पाणी लागणार की नाही, हेही खडकाची छिद्रे आणि भेगा ठरवतात. पाचगणीच्या पठारावरचा तांबडा जांभा याच बेसॉल्टच्या झिजेतून तयार झाला.

दहाव्या आठवड्यात मूळ प्रश्नाचे उत्तर दोन पानांत लिहा. अकरावा मोकळा. बाराव्यात मुलांना घेऊन जवळच्या डोंगरावर जा आणि प्रत्येक थरावर बोट ठेवून त्यांना समजावून सांगा.

आठवण्याचे काम

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांची एक चाचणी प्रसिद्ध केली. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

हा निष्कर्ष आईच्या बाजूचा आहे. बैठक संपताना कागदाच्या चिटोऱ्यावर तीन प्रश्न लिहा आणि तो ओट्यासमोर लावा : कडा कशामुळे उभा राहिला? सच्छिद्र थर का झिजला? जांभा कुठे पाहायला मिळतो? दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना उत्तरे आठवा, मोठ्याने म्हणा. जे अडले तेवढ्यावर खूण करा. पुढची बैठक त्या खुणेपासून सुरू करा. सलग वेळ ज्यांना भरपूर मिळतो तेसुद्धा पुष्कळदा नुसते पुन्हा पुन्हा वाचत बसतात. तुमची मोडकीतोडकी दहा मिनिटे आठवण्यात गेली, तर तो खराखुरा अभ्यास आहे. त्याला ‘जमेल तेवढे करते’ म्हणून हिणवू नका.

घरातल्यांनाही तक्ता दाखवा. बैठकीचे तीन वार कॅलेंडरवर दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी लिहा. त्या ४० मिनिटांत मुलांचे कोण बघणार, हे आधीच ठरवून घ्या. दर वेळी नव्याने परवानगी मागावी लागली, तर अभ्यास सर्वांत आधी मागे पडतो.

पुढच्या लेखात टिपणवही कशी ठेवायची ते पाहू. तोवर या आठवड्यात दोनच कामे : वेळेची नोंद आणि एका वाक्यात मावणारा प्रश्न. प्रश्नाखाली सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाका, मग पुस्तक आणायला ग्रंथालयात जा.