शिडाचा दोर आणि हाताची बोटे

पावसाळा सरला, समुद्र निवळला, की नौकानयनाचे दिवस सुरू होतात. मिरकरवाड्याची मासेमारी आता बहुतेक इंजिनावर चालते, पण एन.सी.सी.च्या नेव्हल युनिटमधील मुलेमुली अजून शिडाची होडी हाकायला शिकतात. आजचा लेख त्यांच्यासाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि दोराशी काम असलेल्या आमच्या खलाशी बांधवांसाठीही.

मुख्य शीड आवळायच्या आणि सैल करायच्या दोराला 'मेनशीट' म्हणतात. शिडात वारा भरला की मोठा ताण या दोरावर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. कप्प्यांमुळे तो हाताला हलका लागतो आणि तिथेच फसगत होते. हात भरून आला की माणूस सोयीसाठी दोराचे दोन वेढे पंजाभोवती घेतो. तेवढ्यात वाऱ्याचा झोत येतो. वेढे करकचून आवळतात, दोर सोडू म्हटले तरी सुटत नाही. बोटे चिरडतात, क्वचित तुटतात. वाचकहो, वेढा घ्यायचाच तर होडीच्या खुंटीला घ्यावा, हाताला कधीही नाही.

दोर हातातून पळू लागला की मूठ आपोआप आवळली जाते. त्या वेळी नायलॉनचा दोर क्षणात तळव्याची साल काढतो. मूठ उघडावी. शीड फडफडेल, फडफडू दे. त्याने होडीवरचा जोर कमीच होतो.

अंगठी, कडे, घड्याळ घरी ठेवावे. (लग्नाची अंगठी काढायला आपल्याकडे फार कुरकुर होते!) २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, हिंदी महासागरातील वादळात नौदलाचे अभिलाष टॉमी डोलकाठीपाशी घड्याळाच्या पट्ट्याने अडकून लोंबकळले. पट्टा तुटला, ते खाली पडले आणि मणके मोडले. शस्त्रक्रियेनंतर हे गृहस्थ २०२२-२३ च्या त्याच शर्यतीत दुसरे आले, ही गोष्ट वेगळी. शिडाखालची आडवी दांडी एकदम बाजू बदलते, तेव्हा डोके खाली हवे. तिचा मार लागून उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली तर थेट रुग्णालय गाठावे.

दोराने सोललेला हात गोड्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटे धरावा, मग साबणाने धुऊन स्वच्छ कापड बांधावे. हळद, चुना, डिझेल काही लावू नये. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर शीर वा स्नायूबंध तुटल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दाखवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावे. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांची समुद्राच्या पाण्यातील जखम लाल होऊन भराभर सुजू लागली, तर सकाळची वाट पाहू नये.

बोट तुटलेच, तर जखमेवर जाड कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी मरतात. असे थंड ठेवलेले बोट काही तास टिकते, म्हणून कोल्हापूरचा घाट चढायला वेळ मिळतो. मात्र निघण्यापूर्वी असे बोट जोडणारा सर्जन तिथे हजर आहे ना, हे फोन करून विचारावे.