मेंदू, मान आणि यंत्राची साक्ष

मेंदूच्या व मानेच्या विकारांविषयी आपल्याकडे जे समज रूढ झाले आहेत, त्यांच्या मुळाशी बहुधा एकच कल्पना असते, ती ही, की यंत्राने शरीराच्या आतले दृश्य एकदा टिपले म्हणजे निदानाचा निकाल लागलाच. या कल्पनेतून परस्परविरुद्ध अशा दोन आपत्ती संभवतात: ज्याला काही झालेले नाही तो चित्रातल्या एखाद्या किरकोळ खुणेने हवालदिल होतो, आणि ज्याला खरोखरच काही झाले आहे तो ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढ्यावर विसंबून मोलाचा काळ गमावतो. वास्तविक प्रतिमा ही साक्षीदारासारखी आहे. नेमका प्रश्न विचारला तरच ती नेमके सांगते, आणि तो प्रश्न ठरविणे हे रुग्णाची हकीकत ऐकून घेणाऱ्या व त्याचे अंग तपासणाऱ्या डॉक्टरचे काम आहे.

क्ष-किरणांचा शोध 1895 साली लागला, तरी पुढची पाऊणशे वर्षे मेंदू वैद्यकाला जवळजवळ अदृश्यच राहिला, कारण साध्या क्ष-किरणचित्रात कवटीचे हाड स्पष्ट उमटे, पण आतल्या मऊ भागांच्या छटा एकमेकींत मिसळून जात. बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1918 मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्रे घेण्याची पद्धत काढली, आणि पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी 1927 मध्ये मानेतील धमनीत अपारदर्शक द्रव्य टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्या दृश्य केल्या. हवा भरण्याच्या त्या पद्धतीत रुग्णाला भयंकर डोकेदुखी सोसावी लागे, आणि एवढे करूनही गाठ प्रत्यक्ष दिसत नसे. तिने पोकळी कोणीकडे ढकलली आहे, यावरून तिच्या जागेचे अनुमान बांधावे लागे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला, तेव्हा कपाळामागची द्रवाने भरलेली गाठ स्वतःच चित्रात उमटली.

पुढे एमआरआय आला, आणि तो सीटीहून महाग असल्यामुळे सर्व प्रसंगी श्रेष्ठच असणार, असा समज पसरला. पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाच्या बाबतीत हा समज घातक ठरू शकतो. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल, तर योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या 4.5 तासांच्या मुदतीत द्यावयाचे असते. पण वाहिनी फुटून रक्तस्राव झाला असेल, तर तेच औषध प्राणावर बेतते. हा भेद सीटी काही मिनिटांत करून देतो, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी पहिला मान त्याचा असतो. मात्र गुठळीमुळे झालेला अपाय पहिल्या काही तासांत सीटीवर दिसेलच असे नाही. तो एमआरआयच्या विशिष्ट तंत्राने फार लवकर दिसतो. तेव्हा तोंड वाकडे झालेले आहे, हात उचलत नाही, आणि सीटी मात्र निर्दोष आहे, अशा अवस्थेत निर्धास्त होण्याला काहीच आधार नसतो.

एमआरआयमध्येही क्ष-किरण असतात, अशी धास्ती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. किरणोत्सर्ग असतो तो सीटीत, आणि डोक्याच्या एका सीटीची मात्रा सुमारे 2 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गाकडून वर्षभरात माणसाला मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास असते. एमआरआयचा खरा धोका आहे लोहचुंबकाचा. 1.5 टेस्ला शक्तीचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून सुमारे 30,000 पट प्रबळ असतो, आणि तपासणी चालू नसली तरी त्याचा अंमल अहोरात्र चालूच राहतो. हे ठाऊक नसल्यामुळे जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात नातेवाइकाला सोबत करणारा एक तरुण प्राणवायूचे नळकांडे हाती घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राकडे ओढला गेला आणि प्राणास मुकला. दाराशी खिसे रिकामे करावयास सांगितले जाते आणि शरीरातल्या पेसमेकरची वा धातूच्या क्लिपेची चौकशी होते, ती याच कारणासाठी. तिथे संकोचाने काही लपवू नये.

परंतु गैरसमजांचा सर्वांत दाट भरणा आहे तो मानेच्या बाबतीत. ‘मणक्यात गॅप पडली’, ‘नस दबली’, ‘चकती सरकली’ अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात, आणि एमआरआयच्या अहवालातला ‘डिस्क बल्ज’ हा उल्लेख वाचून तिशीतली माणसेसुद्धा स्वतःला कायमची अधू समजू लागतात. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या 1,211 माणसांचा एमआरआय काढण्यात आला, आणि त्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की त्यांतील 87.6 टक्के लोकांच्या मानेत फुगलेली चकती आढळली. विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण पाऊणाच्या घरात होते. केसांत रुपेरी छटा यावी तसा हा वयाचा स्वाभाविक क्रम आहे. त्याला रोग ठरवून पट्टे बांधून बसणे व्यर्थ होय. नुसती मान दुखते, पण हातापायांत दुर्बलता वा बधिरपणा नाही, ताप, अपघात किंवा पूर्वीचा कर्करोग नाही, अशा बहुसंख्य रुग्णांची वेदना काही आठवड्यांत चित्राविनाच शमते. कुशीवर वळताना क्षणभर घर फिरल्यासारखे वाटणारी चक्करही मानेच्या माथी मारली जाते. ती पुष्कळदा अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिक जागा सोडल्यामुळे येते, आणि तिचे निदान तपासणीच्या खाटेवर रुग्णाचे डोके विशिष्ट रीतीने कलते करून होते.

उलटपक्षी, दुखत नाही म्हणजे मान निर्दोष आहे, हा समज अधिक दुःखद आहे. मज्जारज्जूवरच दाब येतो तेव्हा मान मुळीच दुखत नाही, असे अनेकदा घडते. शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळतात, पायातली चप्पल निसटते ती कळत नाही, अंधारात तोल जातो. डॉक्टर अशा रुग्णाला मूठ भराभर मिटून उघडावयास सांगतात. निरोगी माणसाला हे 10 सेकंदांत 20 वेळा सहज साधते, याची बोटे मात्र अर्ध्यावरच रेंगाळतात. पाय अडखळतात म्हणून कमरेचा एमआरआय काढला, तो ठीक आला, आणि दोष मात्र मानेत होता, ही हकीकत मज्जातंतूंच्या दवाखान्यांतून वारंवार निघते; हाच प्रश्न मानेला विचारला असता, तर उत्तर त्याच दिवशी मिळाले असते.

कवटी व पहिले दोन मणके यांच्या सांध्याची गोष्ट याहून नाजूक. एमआरआयमध्ये रुग्ण बहुधा मान स्थिर ठेवून उताणा पडलेला असतो, आणि मणक्यांची घसरण कित्येकदा मान वाकविल्यावरच प्रकट होते; म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मान पुढे व मागे वाकवून घेतलेला साधा एक्स-रे, जो जुनाट म्हणून हिणवला जातो, तोच इथे निर्णायक ठरतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे अतुल गोयल यांनी हे दोन मणके स्क्रू व पट्टीने स्थिर करण्याची जी पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरली जाते. तिथे मेंदूकडे जाणारी धमनी प्रत्येकाच्या हाडातून थोडी निराळी वळत असल्यामुळे, शस्त्रक्रियेपूर्वी सीटीवर तिचा मार्ग बारकाईने पाहावा लागतो.

अपस्मारासारखा झटका आलेल्या तरुणाच्या मेंदूत कडे असलेला लहानसा ठिपका दिसला, की घरच्यांच्या मनात कर्करोगाची पाल चुकचुकते. भारतात एके काळी अशा ठिपक्यांना सर्रास क्षयाची गाठ समजून दीर्घकाळ औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी दाखवून दिले, की 20 मिलिमीटरहून लहान व रेखीव कडेचे असे पुष्कळ ठिपके फीतकृमीच्या डिंभाचे असतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला असता अनेकदा ते आपोआप विरलेले आढळतात. कृमीची अंडी दूषित पाण्यातून व कच्च्या भाजीतूनही पोटात जात असल्याने शाकाहारी कुटुंबांनीही यात नवल मानू नये.

अपस्मार, अर्धशिशी, कंपवात या विकारांत एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो, कारण तिथे बिघाड रचनेपेक्षा कार्यात असतो, किंवा इतका सूक्ष्म असतो, की तो नेहमीच्या छेदांतून निसटतो. शिफारशीच्या चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलेले असले, तर तंत्रज्ञ नेहमीचे छेद घेऊन मोकळा होतो. त्याच चिठ्ठीवर झटक्यांचा तपशील असला, तर कानशिलामागच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसला काटकोनात पातळ छेद घेतले जातात, आणि आधीच्या चित्रात न दिसलेला, शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा व्रण त्यांत सापडू शकतो.