मठाची भिंत आणि मठातलं घड्याळ

हरिहरेश्वरला दोन दिवस मुक्काम करून बरीच मंडळी दिघीच्या जेट्टीवरून आगरदांड्याला उतरतात आणि मुरूड, काशीद करत रेवदंड्याला पोचतात. तिथला सातखणी मनोरा आणि पडक्या चर्चच्या कमानी पाहिल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘इथे नन्सना कोंडून ठेवत असतील.’’ वाक्य एक, चुका दोन. पोर्तुगीज काळात चौल-रेवदंड्यात जे मठ होते ते फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पुरुष संन्याशांचे. मनोराही फ्रान्सिस्कनांच्याच चर्चचा. 1740मध्ये चौल मराठ्यांकडे आलं. बायकांचा जुना बंदिस्त मठ बघायचा तर किनाऱ्याने खाली थेट जुन्या गोव्यात जावं लागतं. दुसरी चूक कोंडून ठेवण्याची. तिचा हिशेब जरा लांबचा आहे.

त्याआधी एक घोळ निस्तरू. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात रुग्णांची सेवा करणाऱ्या, निळ्या काठाची साडी नेसून रस्त्यावरच्या माणसाला उचलून नेणाऱ्या सिस्टर आपण पाहतो. त्यांचं व्रतच लोकांत जाऊन काम करण्याचं. बंदिस्त मठातल्या स्त्रिया शाळा चालवत नाहीत, रुग्णालय चालवत नाहीत. प्रार्थना हेच त्यांचं मुख्य काम. शिवाय सिस्टर दिसली की ती कॅथलिकच, असंही नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या, इंग्लंडमधल्या वाँटेजहून आलेल्या भगिनी अँग्लिकन होत्या. पंडिता रमाबाई इंग्लंडात राहिल्या त्या याच वाँटेजच्या भगिनींकडे.

आता गोवा. जुन्या गोव्यातल्या मोंते सांतो टेकडीवर आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी 1606मध्ये सांता मोनिका मठाची स्थापना केली. इमारत पुरी व्हायला 1627 उजाडलं. 1636मध्ये आगीत मठाचा बराच भाग गेला, तो पुन्हा बांधला. पूर्वेकडचा हा पहिला मोठा स्त्रीमठ. पहिल्या मठप्रमुख फिलिपा फेरैरा या विधवा होत्या, म्हणून ‘विधवांना टाकायची जागा’ असा समज होतो. पण निराधार आणि ‘बदनाम’ ठरवलेल्या बायकांसाठी मेनेझिस यांच्याच काळात गोव्यात वेगळी आश्रयगृहं निघाली होती. सांता मोनिकात प्रवेश मिळवायचा तर घराणं लागायचं आणि हुंडाही लागायचा. हा हुंडा मठाला द्यायचा. मठाची मालमत्ता इतकी वाढली, की पैसा आणि लग्नाच्या मुली दोन्ही मठातच जातात अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने थेट राजाकडे केली. आत गेल्यावरही सगळ्या सारख्या नव्हत्या. काळ्या शिरोवस्त्राच्या स्त्रिया गायनवृंदात, पांढऱ्या शिरोवस्त्राच्या कामाला. आणि कुणाला कोणतं मिळावं यात वंशही पाहिला जाई. भक्तीच्या नावाखाली हे झाकण्यात अर्थ नाही. तसंच तिथे फक्त हेच होतं असं म्हणणंही खोटं ठरेल, कारण या मठाचं गायन त्या काळी नावाजलेलं होतं.

मुलींना जबरदस्तीने आत ढकलत, हा समज अर्धा खरा आहे. युरोपात असं सर्रास घडलं. म्हणूनच 1563मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जबरदस्ती करणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा ठेवली आणि मुलीची इच्छा बिशपने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तपासावी असा नियम केला. त्याच परिषदेने मठाचं दारही कडक बंद केलं. नियम कागदावर किती आणि घराण्यांच्या दडपणापुढे किती टिकला, हा वेगळा प्रश्न. आजची गोष्ट मात्र निराळी आहे. तात्पुरती व्रतं घ्यायलाच वय किमान 18 लागतं. व्हॅटिकनच्या 2018च्या सूचनांनुसार पहिल्या पावलापासून अखेरच्या व्रतांपर्यंत किमान 9 आणि जास्तीत जास्त 12 वर्षं जावी लागतात. मधल्या टप्प्यावर निघून जाता येतं, मठही ‘तुम्हाला हे जमणार नाही’ असं सांगू शकतो. अखेरच्या व्रतांनंतरही रोमच्या परवानगीने मोकळं होता येतं. आपल्याकडे लग्न ठरवायला इतका अवधी कोण देतं?

दार बंद म्हणजे कायमचं बंद, असंही नाही. आजारपणात दवाखान्यात जाता येतं, नागरिक म्हणून मतदानालाही. नातेवाईक भेटीच्या खोलीत भेटतात. कुठे मध्ये जाळी असते, कुठे ती काढून टाकली आहे. सामान आतबाहेर करायला भिंतीत फिरतं कपाट असे. बाहेरच्याने वस्तू ठेवून ते फिरवायचं, आतलीने उचलायची. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायची गरज नाही.

मौनव्रताचा समज सगळ्यात हट्टी आहे. व्रतं तीन: ब्रह्मचर्य, अपरिग्रह, आज्ञापालन. मौन त्यात नाही. मौन हा दिवसाचा नियम आहे, तोही ठरावीक वेळेपुरता, आणि रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळपर्यंत तो कडक. उलट आविलाच्या तेरेसा यांनी 1562मध्ये कार्मेल या संन्यासी संघाचा सुधारित मठ काढला तेव्हा रोज दोनदा एकत्र बसून गप्पा मारण्याची वेळ नियमातच घातली. हातात शिवणटिपण, तोंडाने गप्पा आणि हसणं. तोंड पाडून बसलेली संन्यासिनी त्यांना अजिबात चालत नसे.

मग दिवसभर नुसतं बसून जप? भिंत सगळ्यांना दिसते, आतलं घड्याळ दिसत नाही. आपल्या देवळाचा दिवस काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत बांधलेला असतो, तसा इथलाही. वेळा मठागणिक बदलतात, पण साधारण पाचच्या सुमारास घंटा होते. प्रभातप्रार्थना, मिस्सा म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, दिवसाच्या मधल्या छोट्या प्रार्थना, सांजप्रार्थना, झोपण्यापूर्वीची प्रार्थना आणि त्यांखेरीज वाचनाची प्रार्थना. यांचा गाभा म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रं. पूर्वी ती आठवड्याभरात म्हणून होत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सर्वसाधारणपणे चार आठवड्यांचा क्रम आला. कार्मेल मठात याशिवाय रोज दोन तास निःशब्द ध्यान.

मधल्या वेळात राबणं. पोट मठालाही असतं, आणि वर्गणीवर सगळं भागत नाही. बागकाम, शिवण, आणि अनेक मठांत मिस्सेत प्रसाद म्हणून देतात त्या पांढऱ्या चकत्या करणं. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. पातळ घोळ तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजतात. निघणारा पापुद्रा इतका ठिसूळ असतो की लगेच कापला तर चुरा होतो. म्हणून तो आधी दमट हवेत मऊ होऊ देतात आणि मग गोल चकत्या पाडतात. कामात घंटा झाली तर काम तिथेच टाकून उठायचं.

गोव्याचं बेबिंका सांता मोनिकातल्या बेबियाना नावाच्या सिस्टरने शोधलं, ही कथा गोव्यात कुणीही सांगेल. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, तूप असं थरावर थर भाजणारं पक्वान्न एकाच बाईच्या डोक्यातून निघालं असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

‘यांचा समाजाला उपयोग काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. प्रार्थनेवर ज्याचा विश्वास नाही त्याला कुठलंच उत्तर पटणार नाही. चर्च स्वतः काय मानतं ते एका नेमणुकीत दिसतं. लिझ्यूच्या तेरेसा फ्रान्समधल्या बंदिस्त मठात 1897मध्ये 24व्या वर्षी वारल्या. कुठल्या मिशनवर कधी गेल्या नाहीत. तरी 1927मध्ये पोपनी त्यांना जगभरच्या मिशनांच्या आश्रयदात्या केलं, तेही फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने. झेवियर यांचं शव जुन्या गोव्यातल्या ज्या बॉम जेजू चर्चमध्ये आहे, तिथून सांता मोनिका चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

भारतातला पहिला कार्मेल स्त्रीमठ 1870मध्ये मंगळूरला निघाला. तो काढायला आलेल्यांत पॅलेस्टाइनच्या मरियम बवार्दी होत्या. 2015मध्ये त्यांना संतपद मिळालं. सांता मोनिकाचं नशीब वेगळं. 1834मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले. आतल्या स्त्रियांना राहू दिलं, पण नवीन कुणाला घ्यायचं नाही. शेवटची संन्यासिनी 1885मध्ये गेली. 1964पासून तिथे सिस्टरांना धर्मशिक्षण देणारी संस्था आहे आणि आवारातच ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही.

जुन्या गोव्यात गेलात तर बॉम जेजूवरून परत फिरू नका, टेकडी चढून हे संग्रहालय बघा. आज नांदत्या मठाकडे मात्र नुसत्या कुतूहलापोटी बेल वाजवू नये. बहुतेक ठिकाणी लोकांसाठी वेगळं प्रार्थनागृह असतं. मिस्सेच्या वेळेला जाऊन शांत बसावं, फोटो काढू नयेत.