किमतीची पाटी कुणी काढली?

गॅरेज, अँडी बेख्तोल्सहाइमचा एक लाख डॉलरचा चेक, पेजरँकचं गणित... गूगलची जन्मकथा आता शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. तिच्यात पैशाचा हिशेब मात्र बसत नाही. 2000 साली कंपनीचा महसूल होता 1.91 कोटी डॉलर. 2003 साली तो 146 कोटींच्या पुढे गेला. शोधयंत्र तर 1998 पासूनच सरस होतं. मग या तीन वर्षांत बदललं काय? बदलला तो धंदा, आणि त्याची मूळ कल्पना गूगलची नव्हती. ती पासाडीनाच्या बिल ग्रॉसची. गूगलने ती उचलली, सुधारली, आणि सुधारता सुधारता तिच्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट गाळून टाकली, असं माझं मत आहे.

गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांच्या 1998 च्या शोधनिबंधाचा उल्लेख सगळेच करतात. त्याला जोडलेलं जाहिरातींवरचं परिशिष्ट फारसं कुणी वाचत नाही. खरी गंमत तिथे आहे. त्यांच्या यंत्रात ‘सेल्युलर फोन’ शोधलं की सगळ्यात वर यायचा तो गाडी चालवताना फोन वापरल्याने चालकाचं लक्ष कसं उडतं, याचा अभ्यास. फोनच्या जाहिरातींवर जगणाऱ्या यंत्राला हे पान वर दाखवणं जड जाईल, असं दोघांनी लिहून ठेवलं आहे. जाहिरातींवर पोसलेलं शोधयंत्र जाहिरातदाराकडेच झुकणार, तेव्हा एक पारदर्शक यंत्र विद्यापीठांच्या जगात असलंच पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. पैसे घेऊन वरची जागा विकण्याच्या संदर्भात ओपन टेक्स्ट या कंपनीचं नावही त्यांनी घेतलं. त्याच वर्षी ग्रॉसने गोटू डॉट कॉम काढून हीच विक्री राजरोस सुरू केली.

गोटूवर जाहिरातदार शब्दावर बोली लावायचा. ज्याची बोली चढी त्याचं नाव वर, आणि कुणी क्लिक केलं तरच पैसे. जाणकारांनी नाकं मुरडली. पण गोटूची एक रीत होती: त्या क्लिकसाठी जाहिरातदार किती मोजणार, तो आकडा निकालाच्या शेजारीच छापलेला असे. हे नाव पैशाने वर आलं आहे, आणि किती पैशाने, हे शोधणाऱ्याला तिथल्या तिथे कळत होतं.

गूगलचं अ‍ॅडवर्ड्स ऑक्टोबर 2000 मध्ये आलं, तेव्हा पैसे जाहिरात दिसण्याचे होते. फेब्रुवारी 2002 मध्ये ते क्लिकवर आणि बोलीवर आलं. एप्रिलमध्ये ओव्हर्चरने (गोटूचं हे नवं नाव) पेटंट क्रमांक 6,269,361 च्या आधारे गूगलला कोर्टात खेचलं. पुढे याहूने ओव्हर्चर विकत घेतली. आणि 9 ऑगस्ट 2004 रोजी, गूगल शेअर बाजारात उतरायला दहा दिवस उरले असताना, याहूला 27 लाख शेअर देऊन प्रकरण मिटलं. त्यात याहूबरोबरचा वॉरंटचा (ठरल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काचा) एक वेगळा तंटाही निकालात निघाला, आणि तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हेही खरं. तरी एवढे शेअर कुणी दानधर्म म्हणून देत नाही.

यावर म्हटलं जाईल की गूगलचा लिलाव वेगळा होता. होताच. गूगलच्या सालार कमांगर आणि एरिक वीच यांनी बोलीला क्लिक होण्याच्या शक्यतेची जोड दिली, आणि जिंकणाऱ्याने खालच्याहून किंचितच जास्त द्यावं असं ठरवलं. ओव्हर्चरमध्ये आपली बोली पुरती मोजावी लागे. त्यामुळे दोन प्रतिस्पर्धी सेंट-सेंट चढवत जात, आणि एकाने हात टेकले की दुसराही झटकन खाली येई. एडलमन आणि ऑस्ट्रोव्स्की यांच्या 2007 च्या निबंधात याचे करवतीच्या दात्यांसारखे आलेख आहेत. बोली उघड असल्याने हा खेळ सोपा होत होता, हेही मान्य. शिवाय गोटूत विकली गेलेली नावं हेच निकाल होते; गूगलने जाहिराती बाजूला ठेवल्या. हा मुद्दा वजनदार आहे. पण त्या जाहिरातींमागचा रंगीत पट्टा 2013-14 मध्ये गेला, त्याजागी आलेली पिवळी खूण 2016 मध्ये हिरवी झाली, 2020 पर्यंत साधी काळी. हे रंग आपोआप उडालेले नाहीत.

दुसरा आक्षेप: लोक गूगलकडे जातात, कारण ते उत्तम आहे. गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता यांनीही 5 ऑगस्ट 2024 च्या निकालात गूगलच्या दर्जाबद्दल वाद घातला नाही, आणि तरीही गूगलला मक्तेदार ठरवलं. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच यंत्र असावं म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 2,630 कोटी डॉलर वाटले होते. लोक आपणहून येणारच असतील, तर एवढा खर्च कशासाठी? त्याच निकालात असंही आहे की शोधातल्या मजकुरी जाहिरातींचे भाव गूगल स्पर्धकांची फिकीर न करता हळूहळू चढवू शकत होती, आणि लिलावात आतून केलेले फेरफार जाहिरातदारांच्या सहसा लक्षातही येत नव्हते. सप्टेंबर 2025 च्या आदेशात मेहतांनी क्रोम विकायला लावलं नाही, पैसे देण्यावरही सरसकट बंदी आणली नाही. लिलावात महत्त्वाचा बदल केला तर तो जाहीर करा, असं मात्र बजावलं. ही सोय जाहिरातदारांची. शोधणाऱ्याला क्लिकचा भाव दाखवावा, असं त्यात कुठे नाही.