सायकलीवरून बघूया नदीची जागा

डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदराकडे आम्ही गटाने सायकलीवर सावकाश जातो. सायकल मुद्दाम, कारण गाडीतून काठ नुसता पळताना दिसतो.

ओहोटीची वेळ धरावी. तेव्हा चिखल उघडा पडतो, बगळे खायला उतरतात. इथे उल्हास नदीला खाडीची भरती भेटते. वरून पूर आणि खालून भरती एकदम आली, की पाणी पसरायला जागा शोधतं. ती जागा म्हणजे काठची खाजणं आणि तिवरं. तिवरांची मुळं गाळ धरतात, पाण्याचा जोर मोडतात. मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. तिथे भराव पडला, तर पाणी घरात शिरतं. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही.

जागा राखता येते. ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ साली ते रामसर यादीत गेलं. तिवरं तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे.

तुमच्याही नदीला पुराची जागा असेलच. एका रविवारी सायकली काढा, काठाने फिरा. कुठे भराव दिसला, तर पुढच्या ग्रामसभेत सगळ्या मिळून विचारा.